एक्केचाळीस आणि नऊ

ट्रक त्र्याहत्तर सालचा, फोर्ड.
मूळचा हिरवा रंग आता फक्त दाराच्या आतल्या कडेला उरलाय.
कासिमिरोमामाने त्याला नाव ठेवलेलं नाही.
"नाव ठेवलं की लाड करावे लागतात."

मागच्या ऑक्टोबरात सरपण भरून येताना
शेवटच्या चढावर त्याचं नाक आभाळाकडे गेलं
आणि कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल कलंडलं,
पेंगुळलेल्या माणसाच्या हातातल्या कपासारखं.
इंजिन गप्प.
मामाचे दोन्ही पाय ब्रेकवर,
मी चाकामागे लावायला दगड शोधत खाली.
आतून आवाज: "मोठा बघ!"

म्हणून यंदा बर्फ वितळेपर्यंत नुसते हिशेब.
टेबलावर कॅटलॉग, त्यावर तेलकट बोटांचे ठसे.
मी चार बॅरलच्या चकचकीत कार्ब्युरेटरवर बोट ठेवलं.
मामा हसला. "आठ हजार फुटांवर हवाच विरळ.
एवढा मोठा आ वासून हा खाणार काय?"
त्याने भंगारातून दोन बॅरलचा आणला,
कुठल्याशा स्टेशन वॅगनचा,
रात्रभर रॉकेलमध्ये भिजत घातला.
फ्लोट एक सूत खाली. जेट दोन नंबर बारीक.
जेट म्हणजे पितळेचा मणी, मधोमध भोक.
डोळ्याला लावून पाहिलं, तर खिडकीतला ब्लांका डोंगर
मोहरीएवढा, पण अख्खा.

गिअरचं मात्र घोडं अडलं.
होते साडेतीनचे. आता चार-दहा की चार-छप्पन?
चार-छप्पन म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला
शाफ्टचे साडेचार, वर थोडी चिल्लर.
डोंगरात बैल.
पण हायवेवर पंचावन्नलाच इंजिन किंचाळणार,
आणि हायवेच्या टोकाला अलामोसा,
तिथे ओर्तेन्सियामावशीचं डायलिसिस,
आठवड्यातून तीनदा, जाऊन-येऊन ऐंशी मैल.

मामा म्हणाला, "चार-दहा. पुढे-मागे दोन्हीकडे.
दोन ॲक्सल वेगळ्या चालीचे असले
तर फोर-व्हीलमध्ये एकमेकांशी भांडून मोडतात."
हे बोलताना त्याने बहिणीकडे पाहिलं नाही.

मावशी राजमा निवडत होती.
तिला आता तो खायची बंदी आहे, निवडायची नाही.
"तिथे पोचायची घाई कुणाला आहे?" ती म्हणाली.
"ते मशीन माझी वाट बघतं, मी त्याची नाही बघत.
थंडी मात्र रोज वेळेवर येते."
आणि राजम्यातला एक खडा उचलून
तिने कॅटलॉगवर ठेवला. चार-छप्पनवर.

मोठ्या चक्राला एक्केचाळीस दात, छोट्याला नऊ.
एकमेकांना भाग न जाणारे आकडे,
म्हणून प्रत्येक दाताची प्रत्येक दाताशी
कधी ना कधी गाठ पडतेच, कुणी सुटत नाही.
मामा चौथीपर्यंत शिकला. हे त्याने हाताने सांगितलं,
बोटांत बोटं घालून, सावकाश फिरवत.

दातांना पिवळा लेप लावायचा, चक्र फिरवायचं,
कुणी कुठे चावलं ते बघायचं.
अगदी भिडवले तर जळतात,
सैल सोडले तर प्रत्येक वळणाला ठोका.
मधे हवी दोन-तीन केसांची फट.
चकती काढ, चकती घाल,
चार वेळा सगळं बाहेर, चार वेळा आत.
पाचव्यांदा मामाने कान लावला आणि काहीच बोलला नाही.
म्हणजे जमलं.

पहिली फेरी डोंगराची नाही, मंगळवारची.
बावन्नच्या वर काटा जाऊ दिला नाही.
बटाट्याचे ट्रक हॉर्न मारत पुढे गेले,
एका शाळेच्या बसनेही मागे टाकलं.
मावशी ओरडून म्हणाली, "हा आवाज असाच राहणार?"
"असाच."
"बरं आहे. तुझा मामा गप्प बसतो."

पाचशे मैल जपून चालवायचं, मग तेल बदलायचं,
तोवर दातांची ओळख होते.
मी हिशेब केला: सहा फेऱ्या, दोन आठवडे,
तरी वीस मैल कमी पडतात.
मावशीने खिडकीची काच खाली केली.
"रविवारी चर्चला जाऊ," ती म्हणाली,
"लांबच्या."